उत्तरेचा उजेड आणि रादीकाकांची भिंत

इस्ना, ११ ऑक्टोबर १९९८

प्रिय वगीहाताई,

सलाम.

मानवजातीवर आजवर झालेल्या अन्यायांची कुणी यादी करत असेल, तर शेजारच्या रागेबच्या आईच्या चादरीला तीत वरचं स्थान मिळावं अशी माझी नम्र मागणी आहे. चादर जांभळी आहे, दोन माणसांच्या पलंगाची. रोज सकाळी दहा ते दुपारी दोन, म्हणजे बरोबर माझ्या चित्रकलेच्या वेळात, ही बाई ती इथल्या बैठकीच्या खिडकीसमोर वाळत घालते. खिडकी उत्तरेची. उत्तरेच्या उजेडासाठी म्हणे जगभरचे चित्रकार जीव टाकतात, कारण तो दिवसभर सारखा राहतो. माझ्या वाट्याचा उजेड चादरीतून गाळून येतो. परवा मी लिंबू काढलं, त्याचं वांगं झालं.

मी अगदी गोड शब्दांत म्हणालो, "वहिनी, चादर गच्चीवर घातली तर?"

"गच्चीवर कबुतरं आहेत. तुमच्या चित्रावर कबुतर शिटलेलं चालेल का? मग माझ्या चादरीवर का चालावं?"

सत्तावीस वर्षं वर्तमानपत्रात लोकांची टर उडवणारा मी, आत आलो आणि वांग्याला देठ काढला.

हो, चित्रांचं तुला कळवायचं राहिलं. पेपरनं जूनमध्ये मला एक भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि घरी पाठवलं. डॉक्टर म्हणाले, हातांना काहीतरी काम द्या, नुसतं लोकांकडे बोट दाखवणं पुरे. म्हणून कैरो सोडून इथं इस्नाला, रादीकाकांच्या घरी आलो आणि बैठकीत स्टुडिओ थाटला. जुनं दार आडवं टाकून टेबल केलं. मुरंब्याच्या बरण्यांत ब्रश ठेवले. न्हाव्यानं मोडीत काढलेली फिरती खुर्ची आणली, तिच्यावर बसलं की आपोआप मान पुढे होते. ईझल सुताराकडून करून घेतलं. त्यानं चार पाय लावले. म्हणाला, "साहेब, तीन पायांवर गाढवसुद्धा उभं राहत नाही." चौथा पाय अधांतरी डुगडुगतो, म्हणून त्याखाली माझ्या स्तंभाचं एक कात्रण घडी करून ठेवलं आहे. माझ्या लिखाणाचा कशाला तरी आधार झाल्याची ही पहिलीच वेळ.

पुढच्या मंगळवारपासून शिकवायला एक म्हातारे मास्तर येणार आहेत. तुझी तब्येत कळव.

तुझा,
सफवत

◆

अलेक्झांड्रिया, २४ ऑक्टोबर

प्रिय सफवत,

लिंबाचं वांगं झालं ते चादरीमुळे नाही. लहानपणी तू शाळेच्या वहीत गाय काढली होतीस आणि तुझ्या बाबांनी ती पाहून "वा, छान पलंग" म्हटलं होतं. तेव्हा कुठली चादर होती?

बैठकीत स्टुडिओ केलास, कर. घर तुझंही आहे, आणि उघडं राहिलं की घराला बरं वाटतं. एकच सांगते. माझ्या बाबांच्या भिंतीला काही टेकवू नकोस. खिळा नको, फळी नको, ते तुझं चार पायांचं जनावर तर नकोच.

तू तेव्हा कैरोत होतास, तुझ्यासाठी ती सुट्टीत दिसणारी रंगीत भिंत. माझं तसं नाही. बाबा हजहून येणार म्हणून आईनं रीतीप्रमाणे ती रंगवून घेतली. समुद्र, बोट, उंट, काबा, आणि मध्ये हात पसरलेले बाबा. निळा रंग वाळायच्या आत तार आली. ते मक्केच्या वाळूत आहेत, आणि तिथल्या कबरींवर नाव नसतं, दगडसुद्धा नसतो. लोक कबरीपाशी फातिहा म्हणतात, आई भिंतीसमोर म्हणायची. हात ठेवून "बाबा" म्हणावं अशी माझ्यासाठी जगात तेवढीच एक जागा आहे.

खाली क्षारानं पोपडे येत होते. किती वर चढलेत ते पाहून कळव.

वगीहा

◆

इस्ना, १५ नोव्हेंबर

प्रिय ताई,

उत्तराला उशीर झाला, माफ कर. मोलोखियाच्या पालेभाजीचा मोसम संपत आला आहे आणि खाण्यात वेळ जातो.

भिंतीची काळजी करू नकोस. ती जागच्या जागी आहे. तिला काही टेकवलेलं नाही. पोपडे तर आता अजिबात दिसत नाहीत.

बरं, आमच्या मास्तरांची गंमत ऐक. नाव बिशाय. मागच्या गल्लीत चर्चच्या बाजूला राहतात. सत्तरीच्या पुढे, हाडं मोजून घ्यावीत इतके सडपातळ. आयुष्यभर होड्या, गाढवगाड्या आणि दुकानांच्या पाट्या रंगवल्या. पहिल्या दिवशी दारात उभे राहून त्यांनी खोली पाहिली. बराच वेळ पाहिली. मला वाटलं, स्टुडिओचं वैभव पाहून दिपले. मग न्हाव्याची खुर्ची गर्रकन फिरवून दाराकडे तोंड करून बसले. तेव्हापासून दर वेळी तसेच बसतात. मी म्हटलं, "मास्तर, इकडे उजेड छान आहे." म्हणाले, "मला दार दिसलेलं बरं." म्हातारपणी माणसाला निघायची घाई असते, दुसरं काय.

आणि शिकवणं म्हणजे काय, तर सुरई. पाच मंगळवार झाले, ओट्यावरची पाण्याची सुरई काढतोय. मी विचारलं, "फळ कधी? माणूस कधी?"

"सुरईत पाणी आहे का?"

"आहे."

"तुमच्या चित्रातल्या सुरईत नाही. पाणी आलं की सांगा."

आता कागदावरच्या सुरईत पाणी कुठून आणू? चहा मात्र तीन चमचे साखर घालून, आवाज करत पितात.

तुझा,
सफवत

◆

अलेक्झांड्रिया, २ जानेवारी १९९९

प्रिय सफवत,

रोजा सोडून लगेच लिहायला बसले आहे, अक्षर सांभाळून घे. हजच्या सोडतीत माझं नाव लागलं! सरकारी यादीत, स्वच्छ छापलेलं. मुलगा बरोबर येतो आहे. मार्चच्या मध्याला निघायचं.

त्याआधी फेब्रुवारीत इस्नाला येते. चार दिवस राहीन, तुझ्या सुरया बाजूला कर. निघण्यापूर्वी बाबांच्या भिंतीचा निरोप घ्यायचा आहे. हे मी पस्तीस वर्षं मनात ठरवून ठेवलं होतं.

आणि अरे वेड्या, बिशाय! चर्चच्या गल्लीतला बिशाय! बाबांची भिंत त्यानंच तर रंगवली! तेव्हा चांगला दांडगा होता, शिडी करकरायची. काबा त्यानं आयुष्यात कधी पाहिला नव्हता, ख्रिस्ती माणूस पाहणार तरी कसा, वाण्याच्या कॅलेंडरवरून काढला. त्याला माझा सलाम सांग. इतक्या वर्षांनी आपलं काम बघून तो काय म्हणाला ते लिही. रडला का रे?

वगीहा

◆

इस्ना, १९ जानेवारी, ईदचा दिवस

ताई,

तुझं पत्र दहा दिवस खिशात घेऊन फिरलो. आज सकाळी नमाजाला सगळे एकमेकांना मिठ्या मारत होते, आणि मी खिशावर हात ठेवून उभा होतो, पाकीटमाराला भ्यायल्यासारखा.

भिंत नाही. म्हणजे भिंत आहे, चित्र नाही. ऑगस्टमध्ये मी तिच्यावर चुन्याचे दोन हात मारले. माझ्याकडे घरी स्टुडिओ कसा करावा याचं एक पुस्तक आहे, त्यात लिहिलं आहे की खोली पांढरी हवी, नाहीतर भिंतीचे रंग कागदावर उतरतात. आणि पोपडे कमरेएवढे चढले होते. मी तुला लिहिलं की आता पोपडे दिसत नाहीत. ते खोटं नव्हतं. खोट्यापेक्षा वाईट होतं.

तुझं पत्र आलं त्या दुपारी मी ओलं फडकं घेऊन चुना पुसायला बसलो. चुन्याबरोबर रंगही आला. डिंकात कालवलेला रंग तो, पाण्यासमोर कसा टिकणार. समुद्राचा एक निळा ओघळ जमिनीवर आला. पाण्यात कपड्यांची नीळ विरघळते तसा. मग मी थांबलो. आता भिंतीवर हात-दोन हातांचा एक मळका डाग आहे. त्यात काय होतं हे मलाही सांगता येत नाही.

नंतरच्या मंगळवारी मास्तर आले, दाराकडे तोंड करून बसले. मी म्हणालो, "मास्तर, ही भिंत तुमची होती."

"हो."

"तुम्हाला पहिल्या दिवशीच कळलं?"

"दारातच."

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी चहा संपवला. "काय बोलायचं? घर तुमचं. तुम्ही म्हणालात, बसा, चहा घ्या. मी बसलो, चहा घेतला."

"मला एक शिवी तरी द्यायची!"

"शिवीनं काय चुना निघतो?"

मी म्हणालो, पुन्हा काढा, लागेल ते देतो, वगीहाताई येते आहे. तेव्हा मात्र त्यांनी खुर्ची फिरवली आणि ती भिंत पहिल्यांदाच नीट पाहिली. म्हणाले, "साहेब, आम्ही मनानं काढत नाही. घरचं माणूस खाली बसतं आणि सांगतं, हाजी कसा हसतो, पागोटं कसं बांधतो, दारातून येताना आधी कुणाला हाक मारतो. ते ऐकत हात चालतो. तेव्हा मला सांगणारं माणूस होतं. तुम्ही सांगाल का?"

मी रादीकाकांना वर्षातून दोनदा पाहिलं असेल. पागोटं कसं बांधायचे ते मला आठवलं नाही.

माफी मागायला तोंड नाही, म्हणून हातानं लिहिली आहे.

सफवत

◆

अलेक्झांड्रिया, १ फेब्रुवारी

सफवत,

पत्र मिळालं. मी इस्नाला येत नाही.

पोपड्यांमुळे नाही आणि पुस्तकामुळेही नाही. तुला मी तू बोलायला लागल्यापासून ओळखते. खरं कारण लिही, नाहीतर लिहू नकोस.

◆

इस्ना, १० फेब्रुवारी

ताई,

लिहितो.

ऑगस्टमध्ये कैरोहून एक कलासमीक्षक इकडे मंदिरं पाहायला यायचे होते. मी त्यांना घरी जेवायला बोलावलं होतं, मुद्दाम, स्टुडिओ दाखवायला. आदल्या दिवशी बैठकीच्या दारात उभा राहिलो आणि ती भिंत त्यांच्या डोळ्यांनी पाहिली. बोटीपेक्षा मोठा माणूस. वाण्याच्या कॅलेंडरातला काबा. पाच पायांचा उंट. मला लाज वाटली. ते हसतील, आणि मग मीही त्यांच्याबरोबर हसेन, हे मला आधीच माहीत होतं. कारण मी हसलेलो होतो. सात-आठ वर्षांपूर्वी 'हाजींच्या भिंती' म्हणून मी एक स्तंभ लिहिला होता. खेड्यातले चितारी विमानाला पापण्या काढतात, असं काहीतरी. लोकांनी फार दाद दिली. तुला तो अंक मी पाठवला नव्हता. बाकी सगळे पाठवायचो.

तर रादीकाकांची मला लाज वाटली. ज्यांच्या घरात मी फुकट राहतो, त्यांची. दुपारी चुना आणला, संध्याकाळपर्यंत खोली पांढरी झाली. मला आठवतं, हात धुताना मी शीळ घालत होतो.

समीक्षक आलेच नाहीत. त्यांना लक्सरला पोट बिघडलं.

हे मी मास्तरांनाही सांगितलं, स्तंभासकट. मला वाटलं, आता तरी ते यायचे बंद होतील. त्यांनी एवढंच विचारलं, "पाच पाय?"

"मी मोजले होते."

"चालता उंट होता तो. चालत्या उंटाचे पाय कोण मोजतं?"

आणि पुढच्या मंगळवारी पुन्हा आले. ताई, ते आले नसते तर मला सोपं गेलं असतं. मी सुरई काढतो, ते दार बघतात. आजवर मी लोकांना नावं ठेवून पोट भरलं, आणि स्वतःला ठेवायला एक धड नाव सापडत नाही.

तू येऊ नकोस हे बरोबरच आहे. पण हजला जाताना माझ्यावर रागावून जाऊ नकोस, एवढंच. तेही माझ्यासाठी मागतोय हे मला कळतं.

सफवत

◆

अलेक्झांड्रिया, १३ मार्च

प्रिय सफवत,

परवा निघते. बॅग भरून झाली, पण मन शांत होत नव्हतं, म्हणून लिहिते.

तू खरं लिहिलंस, आता माझंही ऐक. हे मी आईलाही कधी सांगितलं नाही.

बाबा निघाले त्या आठवड्यात आमचं भांडण झालं होतं. मला अलेक्झांड्रियाला शिक्षिकांच्या कॉलेजात जायचं होतं. ते म्हणाले, परत आल्यावर बघू. मी म्हणाले, तुम्हाला बघायचंच नाही. निघायच्या सकाळी सगळी गल्ली दारात, आणि मी आतून कडी लावून बसले. बाबा दाराशी आले. म्हणाले, "वगीहा, तुझ्या हातचं पाणी दे, मग निघतो." मी दिलं नाही. ते थोडा वेळ थांबले. मला त्यांच्या चपलांचा आवाज ऐकू येत होता. मग गेले.

भिंत रंगवताना बिशायला सांगायला मीच बसले होते. सहा दिवस. बाबा कसे हसतात, पागोट्याचं टोक कुठल्या खांद्यावर टाकतात, सगळं. आणि शेवटच्या दिवशी मी हळूच म्हणाले, कोपऱ्यात एक मुलगी काढ, हातात सुरई घेतलेली. त्यानं का म्हणून विचारलं नाही. काढली. बाबा परत आले की दारातून आधी तीच बघतील आणि समजतील, असं मी ठरवलं होतं.

तुझं ईदचं पत्र वाचून मी दोन दिवस रडले. तिसऱ्या दिवशी उठले तेव्हा मला हलकं वाटलं. सफवत, हलकं! पस्तीस वर्षं ती मुलगी तिथं सुरई धरून उभी होती आणि मी घरात शिरले की आधी तिच्याकडे बघायचे, बाबांकडे नाही. ती गेली म्हणून मला बरं वाटलं, आणि त्याची मला इतकी लाज वाटली की तुझ्यावर ओरडून घेतलं. येत नाही म्हटलं ते तुझ्यामुळे अर्धंच.

आता तिथं गेल्यावर नाव नसलेल्या त्या वाळूसमोर उभी राहीन आणि तोंडानं सांगीन. भिंतीकडून सांगून घेणार नाही.

बिशायचं एक राहिलं आहे. हाजी परत आला, भिंत पाहिली, की चितार्‍याच्या खांद्यावर गलाबियाचं, लांब झग्याचं, कापड टाकतो, स्वतःच्या हातानं. मजुरी वेगळी, हे वेगळं. आईनं कापड आणून ठेवलं होतं. तार आल्यावर त्या गोंधळात ते कुणाला देऊन टाकलं, कुणालाच आठवत नाही. तो कधी मागायला आला नाही. मजुरी आईनं दिली होती, पण भिंत बघणाराच आला नाही, तर कापड कसलं, असं त्याला वाटलं असेल.

तुझ्यावर राग नाही. आहे, पण बरोबर नेत नाही.

वगीहा

◆

इस्ना, २ एप्रिल

प्रिय ताई,

हे पत्र तू परत आल्यावर वाचशील. हज कबूल होवो.

त्या कोपऱ्यातली मुलगी मला आठवत नाही. मास्तरांनी कोपरा दाखवला; चुना लावायला मी तिथूनच सुरुवात केली होती.

स्टुडिओ वरच्या खोलीत हलवला आहे. तिथं दक्षिणेचं ऊन येतं, दर तासाला सावली बदलते आणि माझ्या पुस्तकाच्या मते तिथं चित्र काढणं अशक्य आहे. माझ्यात आणि अशक्यात तसंही फार अंतर नव्हतं. बैठक रिकामी केली, खाली चटई टाकली. भिंतीला हात लावलेला नाही, डागासकट आहे. मास्तर म्हणतात, सांगणारं माणूस आलं तर काढू. नाही आलं, किंवा येऊन काही सांगावंसं वाटलं नाही, तर भिंत म्हणून ती वाईट नाही. रादीकाकांचं असो, तुझं असो, काहीच नको असो, तू ठरव. मी आता या घरात भिंतींबद्दल काही ठरवत नाही.

काल बाजारात जाऊन राखाडी कापड घेतलं. दुकानदारानं विचारलं, कुणासाठी, मी म्हटलं, अंगानं बारीक माणूस आहे, साडेतीन मीटर पुरे. मास्तर त्यांच्या दाराशी पायरीवर बसून, उन्हात पीठ फुगवून भाजलेली भाकरी कांद्याबरोबर खात होते. पुडकं पाहिलं. बोटांनी कापड चाचपलं.

"काय हे? शिकवण्याचं तुम्ही देता की."

"शिकवण्याचं नाही."

"मग कुणाकडून?"

"हाजी अब्दुर्रादींकडून," मी रादीकाकांचं पूर्ण नाव घेतलं.

त्यांनी घास खाली ठेवला. गल्लीत कुणी नव्हतं. तू विचारलं होतंस तसं डोळ्यांत पाणी वगैरे काही आलं नाही, त्यांनी फक्त कापडाची घडी उलगडली, हातानं मोजली, पुन्हा घातली.

"तेव्हा चार मीटर लागलं असतं," ते म्हणाले. "तेव्हा मी भरलेला होतो."

"उशीर आमच्याकडून झाला."

मी खांद्यावर टाकायला वाकलो, तर म्हणाले, "थांबा." भिंतीला हात टेकून सावकाश उठले, झग्यावरचे भाकरीचे कण झटकले आणि ताठ उभे राहिले.

मग मी ते त्यांच्या खांद्यावर टाकलं.

तुझा,
सफवत